जुन्या सोळाटनी गाडीत दुसरं इंजिन-गिअरबॉक्स: मागच्या चाकापासून मोजत या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांच्या हातची २००४ सालची सहाचाकी टाटा, इंजिन ६९७ टर्बो, गिअरबॉक्स पाच गिअरचा. खरगोनहून कापसाच्या गाठी भरून देवासला येताना मानपूरचा घाट चढताना गाडी दम सोडते, ऑइल खाते, आणि उतारावर तिसरा गिअर आपोआप निघतो. भंगारात निघालेल्या एका गाडीचं कमिन्स सिक्स-बीटी इंजिन तुम्हाला मिळतंय आणि दुसऱ्याच कुणाकडे सहा गिअरचा गिअरबॉक्स. बसेल का, आणि बसवावं का?

बसेल. इंदूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात पस्तीस वर्षं मी हेच काम करत आलोय, आणि चेसिसच्या दोन पट्ट्यांमध्ये इंजिन कसंतरी बसवून देणारा मिस्त्री तुम्हाला अर्ध्या तासात सापडेल. पण बसणं आणि चालणं यात फार अंतर आहे. बसवलेलं इंजिन पहिल्या दिवशी सुरू होतंच. त्रास पुढच्या महिन्यात सुरू होतो, आणि तो बहुतेक वेळा इंजिनाचा नसतो. इंजिन ज्याला ज्याला जोडलंय, त्याचा असतो.

आधी एक गोष्ट तपासा. घाटात दम सोडला म्हणजे इंजिन गेलं असं नाही. गाडी चांगली गरम करा, इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढून तिथेच उलटं ठेवा. झाकण थोडं थरथरलं तर चालतं. उडून पडत असेल आणि भोकातून धुराचा झोत सतत येत असेल, तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे रिंगा किंवा बोअर (सिलिंडरचा आतला गोल) गेलाय. तसं नसेल तर टर्बोपासून इंजिनापर्यंतचा हवेचा पाइप चाचपा, फाटलेल्या होजमुळे काळा धूर आणि कमी ताकद दोन्ही येतात. टाकीतली जाळी काढून बघा. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी वाढत नाही, तर क्लच प्लेट घसरतेय. हे सगळं नीट असूनही दम सुटत असेल, शिवाय तुम्ही म्हणता तसं दर फेरीला ऑइल टाकावं लागत असेल, तर मग इंजिनाचं बोलू. तिसरा गिअर निघतो ती मात्र वेगळी गोष्ट आहे आणि तिला थांबवून ठेवू नका. मानपूरहून गुजरीकडे उतरताना भरलेल्या गाडीचा गिअर निघाला, तर इंजिनाची पकड सुटते आणि सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो. त्या उतारावर किती गाड्यांचे ब्रेक गेलेत ते तुम्हाला सांगायला नको. गिअरबॉक्स आधी उघडा, इंजिन नंतर.

आता आकडे. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटरचा बोअर, नावातच लिहिलंय. स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वर-खाली जातो ते अंतर, १२८, एकूण ५६७५ सीसी. सिक्स-बीटीचा बोअर १०२, स्ट्रोक १२०, एकूण ५८८३ सीसी. फरक दोनशे सीसींच्या आसपास. म्हणजे मोठं इंजिन टाकलं की घाट सपाट होईल, असं समजू नका. ताकद टर्बो, इंटरकूलर आणि पंपाच्या सेटिंगमधून येते, आणि ती खालपर्यंत पोचवायला क्लच, गिअरबॉक्स, जॉइंट (गिअरबॉक्सपासून मागच्या अॅक्सलपर्यंत फिरणारा लांब शाफ्ट) आणि क्राउन (मागच्या अॅक्सलमधली गिअरची जोडी) तेवढे दणकट लागतात. तुमचं ६९७ उघडून बोअर, क्रँक, हेड, पंप, टर्बो सगळं नीट करून घेतलं तर ते पुन्हा वर्षानुवर्षं चालेल, आणि चेसिसला एकही नवं भोक पाडावं लागणार नाही. माझा पहिला सल्ला हाच आहे. ब्लॉक फुटला असेल किंवा क्रँक शेवटच्या साइजलाही घासून संपला असेल, तरच दुसऱ्या इंजिनाचा विचार करा.

आणि करायचाच असेल तर तुकडे गोळा करू नका. एकाच गाडीचा पूर्ण सेट घ्या: इंजिन, फ्लायव्हील, क्लच, बेल हाउसिंग, गिअरबॉक्स, रेडिएटर, इंटरकूलर, फाउंडेशनचे (इंजिन-गिअरबॉक्स ज्यावर टेकतात त्याचे) ब्रॅकेट, क्रॉस मेंबर, क्लचचा सिलिंडर, गिअर लिव्हरची सगळी लिंक, आणि जॉइंटचा पुढचा तुकडा. इंदूरच्या सियागंजात आणि लोहामंडीत फिरून एकेक वस्तू जमवणारे लोक मी पाहिलेत. स्वस्तात मिळालेल्या इंजिनाला दुसऱ्या कंपनीचा गिअरबॉक्स जोडायला जी अडॅप्टर प्लेट, जे बुश, जी क्लच प्लेट बदलावी लागते, त्यात स्वस्ताई तिथेच संपते. तुमचा तो सहा गिअरचा गिअरबॉक्स वेगळ्या घरचा आहे, म्हणून तो मी घेणार नाही.

आता माझी पद्धत सांगतो. नवं इंजिन बघायला जायच्या आधी मी गाडीच्या मागे जाऊन बसतो.

क्राउन-पिनियन कोणतं आहे ते आधी कळायला हवं. कागद नसतील तर हाउसिंग उघडायची गरज नाही. गाडी सपाट फरशीवर रिकामी उभी करा, गिअर न्यूट्रल. मागच्या टायरवर जमिनीला टेकतो तिथे खडूची रेघ मारा आणि जमिनीवरही. जॉइंटच्या मागच्या फ्लँजवर दुसरी रेघ. आता दोन-तीन माणसांनी गाडी हळूहळू ढकलायची, आणि एकाने खाली बसून जॉइंटचे फेरे मोजायचे. टायरची रेघ पुन्हा बरोबर खाली येईपर्यंत जॉइंटने सातला थोडा कमी फेरा घेतला, तर ६/४१ चं क्राउन आहे, म्हणजे ६.८३. सहाला थोडा कमी घेतला तर ७/४१, म्हणजे ५.८६. दोनदा मोजा, कारण पोरं उत्साहात पुढे ढकलतात.

याचा उपयोग काय? १०.००-२० चा टायर एका फेऱ्यात साधारण ३.२ मीटर पुढे जातो. टॉप गिअर सरळ असेल, म्हणजे इंजिनाचा एक फेरा जॉइंटचाही एक, तर इंजिन २४०० वर फिरत असताना ६.८३ च्या क्राउनवर गाडी ताशी सुमारे ६७ किलोमीटर जाईल आणि ५.८६ वर ७९. तुमच्या आत्ताच्या गाडीचं क्राउन तिच्या इंजिनासाठी निवडलेलं आहे. नवं इंजिन कमी फेऱ्यांवर जोर देणारं असेल आणि मागे ६.८३ असेल, तर सपाट रस्त्यावर इंजिन सतत ओरडत राहील, डिझेल पिईल. उलट मागे ५.८६ असेल आणि तुम्ही निमाडातून भरून घाट चढणार असाल, तर चढावर दर वळणाला खालचा गिअर. सहा गिअरचा गिअरबॉक्स यातलं काही भरून काढतो, पण सगळं नाही. म्हणून गाडी कुठे चालणार, भरून चढणार की भरून उतरणार, हे ठरल्याशिवाय इंजिनाला हात लावू नका. तुमचा धंदा भरून चढण्याचा आहे, मी ६.८३ ठेवीन.

नंतर लांबी. जुन्या इंजिनाच्या फॅनपासून गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजपर्यंतचं अंतर सुतळीने मोजून लिहा, क्रँकची उंची चेसिसच्या वरच्या कडेपासून लिहा, आणि गिअरबॉक्सची शेपटी किती खाली झुकलीय ते अँगल मीटरने बघा. हे सगळं जुनं इंजिन आत असतानाच. एकदा ते चेन कुप्पीला (इंजिन उचलायच्या साखळीला) लटकलं की हे माप पुन्हा मिळत नाही.

इथे मला माझी एक चूक सांगायलाच हवी, कारण ती तुमच्या हातून होऊ नये. २०११ च्या पावसाळ्यात एका गाडीत इंजिन-गिअरबॉक्सचा सेट बसवला. गिअरबॉक्स जुन्यापेक्षा चार बोटं लांब, म्हणून जॉइंटचा पुढचा तुकडा कापून आखूड केला, वेल्डिंग करून बॅलन्स करून आणला. गाडी सुंदर सुरू झाली. मालक खूश. तीनच दिवसांनी गाडी परत: चाळीस-पंचेचाळीसच्या वेगाला केबिनची फरशी गुणगुणते. मी फाउंडेशनचे रबर बदलले. आठवड्याने पुन्हा आली, आता सेंटर बेअरिंगचं (जॉइंटला मध्ये आधार देणाऱ्या बेअरिंगचं) रबर जळून चिकट झालेलं, खाली वाकलं की वास येत होता. बेअरिंग बदललं. महिन्याभरात दुसरंही गेलं. तेव्हा मी गाडीखाली आडवा झालो, टॉर्च धरली आणि चिंधीने स्लिप जॉइंटवरचं, म्हणजे जॉइंटच्या आत-बाहेर सरकणाऱ्या दातेरी भागावरचं, ग्रीस पुसलं. ग्रीसखाली दोन छोटे बाण ठोकलेले होते, एक नळीवर, एक स्लिपवर. ते समोरासमोर असायला हवेत. माझे एका दात्याने सरकलेले होते. ग्रीस भरून घाईत सरकवताना मी ते बघितलेच नव्हते.

एक दाता म्हणजे काय होतं? जॉइंटच्या टोकाचा क्रॉस (अधिकच्या खुणेसारखा सांधा) वाकलेल्या कोनात फिरतो तेव्हा मागचा शाफ्ट एकसारखा फिरत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा किंचित पुढे धावतो आणि दोनदा मागे पडतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ही धावपळ उलटी करून भरून काढतो, पण त्यासाठी दोन्ही टोकांचे, क्रॉस धरणारे काटे एका रेषेत हवेत आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत. एक दाता सरकला की भरपाई चुकते आणि ती सगळी मारामार मधल्या सेंटर बेअरिंगवर येते. बाण जुळवले, गुणगुण त्याच संध्याकाळी गेली. मालकाने दोन बेअरिंगांचे पैसे दिले होते, ते मी परत केले.

तेव्हापासून माझ्या दुकानात जॉइंट खोलण्याआधी पांढऱ्या रंगाने खूण केल्याशिवाय कुणी बोल्ट ढिला करत नाही. आणि नवा गिअरबॉक्स बसला की त्याच्या शेपटीचा कोन आणि क्राउनच्या नाकाचा कोन मी मोजतो. दोन्हींत एका अंशापेक्षा जास्त फरक असला तर फाउंडेशनखाली पट्टी घालून किंवा काढून जुळवतो. कोन गाडी भरलेली असताना पुन्हा मोजा, कारण स्प्रिंगच्या पाट्या दबल्या की मागचं नाक हलतं.

इंजिन आणि गिअरबॉक्स जुळवताना दुसरी जागा अवघड आहे ती फ्लायव्हील हाउसिंगची, म्हणजे इंजिनाच्या मागच्या ज्या खोळीला गिअरबॉक्स जोडतात तिची. हाउसिंगची मापं ठरलेली असतात, एसएई या प्रमाण मापातल्या दोन आणि तीन नंबरच्या साइज ट्रकांत नेहमीच्या. दोन्हींना बारा-बारा बोल्ट, म्हणून लांबून सारखी दिसतात, पण एसएई दोनचा आतला गोल सुमारे ४४८ मिलिमीटर आणि तीनचा ४१०. बोल्ट मोजून फसू नका, व्हर्निअर लावा. त्यानंतर डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं माप) क्रँकला बांधा आणि क्रँक फिरवत हाउसिंगचा गोल तपासा. काटा दोन दशांश मिलिमीटरपेक्षा जास्त फिरला तर हाउसिंग क्रँकच्या मध्याशी नाही, आणि गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट कायम वाकडा ओढला जाईल. त्यातून फ्लायव्हीलमधलं छोटं बेअरिंग जातं, क्लच प्लेटचा मधला भाग तुटतो, आणि मिस्त्री प्लेटच्या कंपनीला शिव्या देतो. एवढ्या वर्षांत हे गेज लावणारे मी हातावर मोजण्याइतकेच पाहिले.

गिअरबॉक्स जोडताना त्याचं वजन पुढच्या शाफ्टवर कधीही लटकवू नका. जॅकवर ठेवा, डमी शाफ्टने प्लेट मध्यावर धरा, हाताने ढकलून हाउसिंगला हाउसिंग पूर्ण टेकलं पाहिजे. बोटभर फट राहिली आणि बोल्ट आवळून ओढायला गेलात तर हाउसिंगचा कान तुटतो, नाहीतर प्लेट वाकते. जात नसेल तर बाहेर काढा, का जात नाही ते बघा.

चेसिसला नवे ब्रॅकेट लावायचे असतील तर उभ्या पट्टीलाच भोक, वरच्या-खालच्या आडव्या कडेला कधीच नाही. चेसिसवर वेल्डिंगही नाही. कडेला भोक पडलं की तिथूनच चेसिसला तडा जातो, आणि तो तडा भरलेल्या गाडीत, घाटातच दिसतो. इंजिनाचा तळ आणि पुढचा अॅक्सल यांतलं अंतर गाडी पूर्ण दबलेली धरून बघा. टर्बोचा पाइप स्टिअरिंग बॉक्सच्या आणि ब्रेकच्या नळ्यांच्या किती जवळ येतो तेही. नायलॉनच्या हवेच्या नळीशेजारून सायलेन्सरचा गरम पाइप गेला तर ती वितळेल, मग ब्रेकला हवाच उरणार नाही.

हवेवरून आठवलं, सगळ्यांत कमी लक्ष याच्याकडे जातं. एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर इंजिनावर बसतो. इंजिन बदललं की कॉम्प्रेसर बदलतो, त्याचं ऑइल, पाणी, हवेची नळी सगळं बदलतं. गाडी हलवण्याआधी हवेची टाकी पूर्ण रिकामी करून इंजिन चालू करा आणि हवेच्या दाबाचा काटा सात किलोच्या पुढे जातो का, किती वेळात जातो ते बघा. मग इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरा, काटा पडतो का. हे केल्याशिवाय गाडी दुकानाच्या फाटकाबाहेर जाऊ नये.

जुनं सिक्स-बीटी घेताना ब्लॉकचा बोअर विचारा. या इंजिनात मुळात लायनर नाही, बोअर ब्लॉकमध्येच कापलेला असतो. आधी कुणी मोठा केला असेल तर पुढे जागा कमी उरते. पुढचं टायमिंग कव्हर उघडलं तर आतली छोटी डॉवेल पिन घट्ट आहे का ते बघा. या जातीच्या इंजिनात ती हळूहळू बाहेर येऊन टायमिंगच्या गिअरमध्ये पडते, आणि इंजिन बाहेर असताना तिला अडवायला अर्धा तास पुरतो. व्हॉल्व्ह थंड इंजिनावर सेट करा, इनटेक ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.५१ मिलिमीटर. पंप यांत्रिक असलेलंच इंजिन घ्या. कॉमन रेलचं, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझेल सोडणारं, घेतलं तर कंट्रोलर, वायरिंग, पेडलचा सेन्सर सगळं त्याच गाडीचं लागतं, आणि एक वायर चुकली की गाडी रस्त्यात उभी.

सुरू करताना आधी टर्बोत स्वच्छ ऑइल ओता, डिझेल बंद ठेवून सेल्फने ऑइलचा काटा वर येईपर्यंत फिरवा. इनटेकच्या तोंडापाशी एक माणूस लोखंडी झाकण घेऊन उभा हवा. पंप अडकला आणि इंजिन बेफाम सुटलं तर हवा बंद करणं हाच उपाय असतो, आणि तिथे हात कधीही लावायचा नाही.

कागदाचं काम आधी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली असा बदल आरटीओच्या परवानगीशिवाय करता येत नाही, आणि केल्यावर चौदा दिवसांत कळवून आरसीवर नोंद करावी लागते. इंजिन नंबर फिटनेसला तपासतात, विम्यालाही लागतो. म्हणून ज्या गाडीचं इंजिन आहे तिच्या मालकाकडून नंबरासकट पक्की पावती आणि भंगाराचे कागद घ्या. नंबर खरडलेलं इंजिन कितीही स्वस्त असो, हात लावू नका. तुमच्याच जातीचं ६९७ बदलीला घेतलंत तर हे सगळं पुष्कळ सोपं जातं. आणि इंजिन मोठं बसवलं म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही, तेव्हा पंप वाढवून जास्त भरायचा विचार असेल तर तो सोडा.

तुमच्याकडून मला चार गोष्टी हव्यात: झाकण उडतं की नाही, खडूने मोजलेले जॉइंटचे फेरे, फॅनपासून मागच्या फ्लँजपर्यंतची लांबी, आणि जुन्या गिअरबॉक्सच्या शेपटीचा कोन. येत्या रविवारी गाडी रिकामी असेल तर तेव्हाच मोजून घ्या. आकडे कळवा. झाकण उडत असेल आणि ब्लॉक खरंच गेला असेल, तर ते इंजिन बघायला मी स्वतः तुमच्याबरोबर येतो, डायल गेज घेऊन.